छातीतील दुखणे अंगावर काढू नये

चरकसंहितेत मनुष्यदेहातील १०७ मर्मांचा विचार सांगून त्यांपैकी हृदय, बस्ती आणि शिर या तिघांस श्रेष्ठ मर्मे मानले आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बरगडीच्या बाजूस उठणारा पार्श्वशूल आणि हृदयस्थानी उठणारा हृच्छूल यांचा उल्लेख निरनिराळा केलेला आढळतो. छातीतील प्रत्येक कळ एकाच कारणाची नसते, आणि तिच्यातील काही प्रकार प्राणावर बेतणारे असतात, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस चांगली अवगत होती. असे असता आज आपल्या घरांतून कोणाच्या छातीत दुखू लागले की पहिला शब्द ऐकू येतो तो 'गॅस' हा! प्रस्तुत लेखात या एका शब्दाचीच तपासणी करावयाची आहे. कारण त्या शब्दाच्या आधारावर घरोघरी जो निर्णय घेतला जातो, त्यावर पुष्कळदा घरच्या कर्त्या माणसाचे आयुष्य अवलंबून असते.

आपल्या माळव्यात या शब्दाचे इतके प्रस्थ माजावे यात नवल नाही. सकाळी पोहे-जिलेबी, येताजाता शेव, सणावारी तुपात बुडविलेले बाफले व डाळ, आणि वर भर दुपारची झोप! छातीत जळजळ होण्यास एवढी सामग्री पुरेशी आहे. शिवाय छातीत दुखणाऱ्या माणसांपैकी पुष्कळांचे हृदय ठणठणीत असते, हेही खरे. दहा वेळा ओवा, हिंग किंवा सोडा घेऊन बरे वाटलेले असते, म्हणून अकराव्या वेळीही मनुष्य त्याच डब्याकडे हात नेतो. त्याच्या तर्कात दोष एवढाच की, ही अकरावी वेळ पहिल्या दहांसारखीच आहे हे त्याने गृहीत धरलेले असते, आणि ते ठरविण्याचे कोणतेही साधन त्याच्या घरात नसते.

साधन का नसते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. हृदय, अन्ननलिका, जठराचा वरचा भाग आणि डावा हात यांच्याकडून वेदनेची वार्ता नेणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यात जवळजवळ त्याच ठिकाणी येऊन मिळतात. निरनिराळ्या घरची पत्रे एकाच पेटीत पडावीत आणि कोणावरही पाठविणाऱ्याचे नाव नसावे, तशी ही स्थिती आहे. मेंदूला पत्र मिळते. ते कोठून आले हे मात्र त्याला निश्चित सांगता येत नाही. म्हणूनच हृदयाचे दुखणे कधी जबड्यात, कधी खांद्यात, कधी दोन्ही हातांत, तर कधी चक्क पोटाच्या वरच्या खळगीत जाणवते; आणि अन्ननलिकेतील आम्लाची जळजळ हुबेहूब हृदयविकारासारखी भासते. ढेकर आल्याने बरे वाटले, सोडा पिऊन बरे वाटले, यावरूनही काही सिद्ध होत नाही.

या संबंधात एक जुना दाखला मोठा उद्बोधक आहे. लंडन येथील विल्यम हेबर्डन या वैद्याने १७६८ साली आपल्या व्यवसायबंधूंपुढे छातीच्या एका विशिष्ट दुखण्यावर व्याख्यान दिले व ते १७७२ साली छापून प्रसिद्ध झाले. हृच्छूलाचे पाश्चात्त्य वैद्यकातील पहिले स्पष्ट वर्णन म्हणून ते आजही मानले जाते. चालताना, विशेषतः चढण चढताना छातीत दाटून येते आणि थांबताच ते नाहीसे होते, असे त्याने नोंदविले; आणि त्याबरोबर असेही नोंदविले की, जेवणानंतर लगेच चालले असता हा त्रास अधिक होतो. जेवणानंतर दुखले म्हणून ते पोटाचेच, हा आपला आवडता न्याय अडीचशे वर्षांपूर्वीच लंगडा ठरला आहे!

आता हृदयाचे दुखणे म्हणजे नेमके काय ते पाहू. आपल्या मुठीएवढा हा स्नायू दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावतो. सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या या स्नायूचे स्वतःचे पोषण महारोहिणीच्या मुळापासून निघणाऱ्या दोन लहान धमन्या व त्यांच्या शाखा यांवर चालते. या धमन्यांच्या आतील बाजूस वर्षानुवर्षे मेदाचे थर साचतात. मार्ग अरुंद झाला की विश्रांतीच्या वेळी रक्त पुरते, परंतु श्रमाच्या वेळी अपुरे पडते. मग जिना चढताना छाती भरून येते आणि पाच-दहा मिनिटे बसल्यावर मोकळी होते. हा झाला हृच्छूल. परंतु एखादे दिवशी त्या थरावरचा पापुद्रा फाटतो, तेथे रक्ताची गुठळी जमते आणि वाट पुरती बंद होते. त्या वाटेवर अवलंबून असलेला हृदयाचा भाग मग मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. 'झटका' या शब्दाने मात्र आपली दिशाभूल केली आहे. सर्व काही एका क्षणात घडून संपते असे त्या शब्दावरून वाटते. वस्तुतः स्नायू मरण्याची ही क्रिया काही तास चालू असते, आणि त्या तासांतच औषधाला वाव असतो.

अशा वेदनेचे स्वरूप रोगी बहुधा बोटाने दाखवीत नाही. तो सारा तळहात किंवा मूठ छातीच्या मध्यावर ठेवतो. टोचते असे न म्हणता दडपण आले, कोणी छातीवर बसले आहे, पट्टा आवळला आहे, असे तो म्हणतो. त्याबरोबर थंड घाम सुटतो, मळमळते, श्वास अपुरा पडतो, जीव घाबरा होतो. वेदना पंधरा-वीस मिनिटांनंतरही ओसरत नाही. यांपैकी घाम हे चिन्ह विशेष ध्यानात ठेवावे. पंखा चालू असता व हवा थंड असता छातीत दुखणाऱ्या माणसाच्या कपाळावर घाम डवरला, तर पुढे चर्चेस जागा उरत नाही.

डावा हात दुखला तरच हृदय, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे आणि ती सोडून दिली पाहिजे. मधुमेह असलेल्या माणसांत, वृद्धांत आणि पुष्कळ स्त्रियांत छातीतील दुखणे सौम्य असते किंवा मुळीच नसते. एकाएकी धाप लागणे, कधी नव्हे असा थकवा, उलटी, पाठीत किंवा जबड्यात अवघडल्यासारखे होणे, एवढेच दिसते. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. स्वयंपाक आटोपू दे, पाहुणे जाऊ देत, उपवास सुटू दे, असे म्हणत आपल्या घरातील बाया दुखणे अंगावर काढतात आणि घरातले लोक तिच्या सोशिकपणाचे कौतुक करतात. उपवासाच्या दिवशी आईला वा सासूबाईंना घाम येऊन मळमळू लागले, तर पित्त झाले असे समजून त्यांना निजवून ठेवू नये.

हृदयाखेरीज इतर कारणेही आहेत. जठरातील आम्ल वर येऊन होणारी जळजळ जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढते व तोंडाला आंबट पाणी सुटते. स्नायू व बरगड्यांच्या सांध्यांचे दुखणे आपल्या शेतकरी भागात पुष्कळच आढळते. सोयाबीनची किंवा गव्हाची पोती उचलल्यावर दुसऱ्या दिवशी एका ठरावीक जागी दुखते, तेथे दाबले असता कळ येते, कूस बदलताना वाढते. नागीण उठण्यापूर्वी दोन-तीन दिवस छातीच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखी आग होते व मागाहून पुरळ दिसतो. मनाची तीव्र घालमेल झाली असताही छाती आवळते, बोटांना मुंग्या येतात. तथापि 'हे मनाचे आहे' हा निष्कर्ष तपासणीच्या शेवटी काढावयाचा असतो, आरंभी नव्हे. आणि दाबून दुखते एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

फुप्फुसांची दुखणी वेगळीच. ताप, खोकला आणि दीर्घ श्वास घेताना बाजूस कळ, ही फुप्फुसदाहाची किंवा फुप्फुसावरणाच्या सुजेची लक्षणे होत. आपल्या देशात अशा वेळी क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. याहून भयंकर प्रकार म्हणजे पायाच्या शिरेत जमलेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकणे. हाड मोडून अंथरुणास खिळलेला माणूस, शस्त्रक्रिया झालेला रोगी, बाळंतीण, फार लांबचा प्रवास बसून केलेला मनुष्य, यांना एकाएकी धाप लागून छातीत दुखले, तर ही शंका घ्यावी. उंच, सडपातळ तरुणाला अचानक एका बाजूस कळ येऊन श्वास घेववत नसेल, तर फुप्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर साठलेली असू शकते. रक्तदाब फार वाढलेला असता महारोहिणीची भिंतच उकलते. तेव्हा छातीतून पाठीकडे काही फाटत गेल्यासारखी असह्य वेदना एका क्षणात उठते. या साऱ्यांना रुग्णालयाशिवाय दुसरा उपाय नाही. कोणते दुखणे कोणते, हे ठरविण्याचे ओझे घरच्यांनी डोक्यावर घेऊ नये, एवढ्यासाठीच ही माहिती येथे दिली आहे.

घरच्यांचे खरे काम वेळ वाचविण्याचे आहे. या बाबतीत आपल्याच देशातील आकडे बोलके आहेत. 'क्रिएट' या नावाने हृदयविकाराच्या २०,४६८ भारतीय रोग्यांची नोंद ८९ रुग्णालयांतून करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत लागलेला मध्यम काळ ३६० मिनिटे, म्हणजे पुरे सहा तास होता. आणि दारात आल्यापासून गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मिळेपर्यंतचा काळ ५० मिनिटे. आपण रुग्णालयातील दिरंगाईबद्दल तावातावाने बोलतो, आणि ते काही वेळा योग्यही असते. पण सहा तास गेले कोठे? ते घरात गेले, शेजाऱ्यांच्या सल्ल्यात गेले, 'सकाळपर्यंत पाहू' या वाक्यात गेले, आणि काही रस्त्यात गेले. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. बारा तासांनंतर त्याचा उपयोग जवळजवळ संपतो.

देपालपूरकरांना हा हिशेब अधिकच काटेकोरपणे करावा लागतो. येथून इंदूर सुमारे ४० किलोमीटर. रस्ता मोकळा असला तरी शहरात शिरून रुग्णालयाच्या दारापर्यंत तासभर मोडतो. गौतमपुरा किंवा आसपासच्या खेड्यांतून निघणाऱ्यास त्याहूनही अधिक. इंदुरास महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे, १९४८ साली स्थापन झालेले महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे, बंद पडलेली धमनी तार घालून उघडण्याची सोय शहरात आहे. परंतु ही सारी सोय त्या तासाच्या पलीकडे आहे. तो तास आपल्याला कमी करता येत नाही. त्याच्या आधी घरात जाणारे तास मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहेत.

तेव्हा करावे काय? छातीत दडपण येऊन ते थोड्या विश्रांतीने जात नसेल, किंवा त्याबरोबर घाम, धाप, उलटी वा घेरी असेल, तर लागलीच १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून 'छातीत दुखत आहे' हे शब्द स्पष्ट सांगावेत. रोग्यास पाठीला उशा देऊन अर्धवट बसते करावे, कपडे सैल करावेत, चालू देऊ नये, जिना उतरावयाचा असल्यास खुर्चीवर बसवून उतरवावे. छाती चोळणे, खाऊ घालणे, लिंबूपाणी पाजणे, हे सर्व टाळावे. गाडी येण्यास फार विलंब आहे असे कळल्यास शेजाऱ्याची मोटार मागावी. रोग्याने स्वतः वाहन चालवू नये, आणि त्याला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याचा पराक्रमही कोणी करू नये. प्रथम जवळच्या अशा ठिकाणी न्यावे जेथे हृदयाचा आलेख, म्हणजे ई.सी.जी., तत्काळ निघतो. तो दहा मिनिटांच्या आत काढला जावा असा वैद्यकाचा संकेत आहे. तेथील डॉक्टर पहिले औषध देऊन पुढे इंदुरास धाडतील. तो निर्णय त्यांचा.

ॲस्पिरिनविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण इतक्या स्वस्त वस्तूने इतके प्राण क्वचितच वाचविले असतील. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या प्रयोगात झटक्याचा संशय असलेले १७,१८७ रोगी होते. ज्यांना ॲस्पिरिन दिले त्यांच्यात पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळविणारे औषध ही दोन्ही मिळाली त्यांच्यात ४२ टक्क्यांनी. हृदयविकाराचा संशय असता मोठ्या माणसाने ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खावे. घरी ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्या असल्यास चार. परंतु ॲस्पिरिनची ॲलर्जी, जठरातून रक्तस्राव, पूर्वी मेंदूत झालेला रक्तस्राव किंवा रक्त पातळ करणारी दुसरी औषधे असल्यास ते घेऊ नये. पाठीकडे फाटत जाणारी ती एकाएकी उठलेली वेदना असेल तर मुळीच नको. शंका आल्यास १०८ वरील माणसाला किंवा डॉक्टरांना विचारावे. गोळी शोधण्यासाठी निघणे मात्र लांबवू नये. पॅरासिटामॉल म्हणजे ॲस्पिरिन नव्हे. अंगदुखीच्या इतर गोळ्या अशा वेळी अपायकारक ठरू शकतात.

जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी पुष्कळांच्या खिशात असते आणि ती उदारपणे दुसऱ्यालाही दिली जाते. हे औदार्य आवरावे. तिने रक्तदाब झपाट्याने उतरतो. आधीच रक्तदाब कमी असलेला किंवा सिल्डेनाफिल जातीचे औषध घेतलेला मनुष्य तिने कोसळू शकतो. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच, बसून, सांगितल्याप्रमाणे घ्यावी. तिने दुखणे थांबले म्हणून ते हृदयाचेच होते असे ठरत नाही; अन्ननलिकेचे आकुंचनही तिने सैलावते.

आलेख निर्दोष निघाला म्हणून लगेच घरी परतण्याची घाईही बरी नव्हे. झटक्याच्या पहिल्या काळात तो साधा दिसू शकतो. म्हणून डॉक्टर काही वेळाने पुन्हा आलेख काढतात व रक्तातील ट्रोपोनिन नावाचे द्रव्य काही तासांच्या अंतराने तपासतात. अखेर काहीच निघाले नाही तर घरी येताना लाज वाटून घेऊ नये. 'उगाच सगळ्यांना धावपळ करायला लावली' हे वाक्य ज्येष्ठांच्या तोंडून वारंवार निघते; घरच्यांनी ते हसून सोडून द्यावे आणि पुढल्या वेळीही तशीच धावपळ करावी.

'माझे काय वय आहे?' हा आणखी एक आक्षेप. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील अभ्यासाची पुढे जी छाननी झाली, तीत पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियातील लोकांत ५३, तर इतरत्र जवळजवळ ५९ आढळले. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील मेद ही कारणे जगभर तीच आहेत. आपल्याकडे ती लवकर येऊन ठेपतात. मुंबईचे विख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांचे २००३ च्या मे महिन्यात हृदयविकारानेच निधन झाले, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. असंख्य हृदये ज्यांच्या हातांनी दुरुस्त झाली त्यांनाही या रोगाने वगळले नाही, मग तरुणपणाच्या किंवा कामाच्या धबडग्याच्या सबबीवर आपल्याला कोण वगळणार?

रोगी शुद्ध हरपून पडला, हाक मारली तरी उठत नाही आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नाही, असा प्रसंग आल्यास पाणी शिंपडण्यात किंवा कांदा हुंगविण्यात वेळ घालवू नये. एकाने १०८ ला कळवावे. दुसऱ्याने रोग्यास कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी, दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून, कोपरे न वाकविता पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे व सोडावे. मिनिटास १०० ते १२० वेळा. थकल्यास दुसऱ्याने हात घालावा; थांबू मात्र नये. आचके दिल्यासारखा अधूनमधून येणारा श्वास म्हणजे श्वास नव्हे, हे विसरू नये. ही क्रिया वाचून येत नाही, हातांनी शिकावी लागते. आपल्या मंदिराच्या सभागृहात भजनी मंडळाची तालीम होते त्याप्रमाणे वर्षातून एकदा याचीही तालीम ठेवता येईल. मृदंगाचा ठेका ज्याला सांभाळता येतो त्याला मिनिटाला ११० दाब सांभाळणे जड जाणार नाही.

एक सूचना थंडीच्या दिवसांपुरती. हृदयविकाराचे झटके पहाटेपासून दुपारपर्यंतच्या वेळेत अधिक येतात आणि थंडीत त्यांचे प्रमाण वाढते. कार्तिकातील काकड आरती सोडावी असे कोणीही म्हणणार नाही. पण ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी थंड पाण्याचे स्नान टाळावे, कान व छाती झाकून निघावे, सकाळच्या गोळ्या केव्हा घ्यावयाच्या हे डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे आणि एकट्याने येऊ नये. आरतीत उभे असता कोणी एकाएकी भिंतीस टेकून खाली बसले, तर 'भोवळ आली असेल' म्हणून आरती संपण्याची वाट न पाहता जवळच्याने त्यांच्याशी बोलावे.

प्रत्येक घरात देवघराजवळच्या फळीवर एक पाकीट ठेवलेले असावे. त्यात घरातील मोठ्या माणसांच्या चालू औषधांची यादी, कोणाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे त्याची नोंद, पूर्वी काढलेला हृदयाचा आलेख (नव्याशी ताडून पाहण्यास तो फार उपयोगी पडतो), असल्यास आयुष्मान कार्ड, थोडे रोख पैसे आणि मोटार असलेल्या दोन शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक असावेत. ते पाकीट कोठे आहे, हे घरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असावे.